स्वतःच्या तळ्याकाठी वाळूचा किनारा: आखणी कशी करावी, पैसे कुठे जातात

शेतात अर्ध्या एकराचं तळं आहे, आंब्याची चार झाडं आहेत, पुण्या-नाशकातले नातेवाईक सुट्टीला येतात. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की एका काठाला वाळू टाकली तर पोरांसाठी छान छोटा बीच होईल. दुसऱ्या दिवशी वाळूचा भाव विचारायला फोन जातो. इथेच गणित बिघडतं. वाळू किती लागेल आणि कुठे टाकायची हे तळ्याचं पाणी वर्षभरात किती वर-खाली होतं यावरून ठरतं, आणि तो आकडा बहुतेकांनी कधी मोजलेलाच नसतो. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेल्या पाण्याला लागून टाकलेली वाळू मार्चमध्ये पाण्यापासून सात-आठ मीटर लांब उन्हात पडलेली असते आणि मधे गुडघाभर चिखल.

खाली सगळा विचार महाराष्ट्रातल्या स्वतःच्या, सातबाऱ्यावरच्या तळ्याचा केला आहे. उदाहरणासाठी तळं ४० बाय ५० मीटरचं, म्हणजे सुमारे २० गुंठ्यांचं, तीन मीटर खोल आणि त्यावर १५ मीटर लांबीचा किनारा धरला आहे.

आधी हे बघा: तळं कुणाचं आणि कसलं

धरणाच्या बॅकवॉटरला लागून प्लॉट असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पवना असो, पानशेत असो की वैतरणा, जलाशयाची जमीन संपादित झालेली असते आणि पाणी उतरल्यावर उघडी पडणारी पट्टीही त्यातच येते. ती पट्टी गाळपेरीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पीक घ्यायला, हंगामापुरती दिली जाते. तिथे कुणी वाळू टाकून कुंपण घातलं तर ते अतिक्रमण ठरतं. एजंट ‘लेक टच’ म्हणून विकतो तेव्हा मोजणीचा नकाशा मागवा आणि तुमची हद्द पाण्यापर्यंत खरंच पोचते का ते पाहा. गावतळं आणि पाझर तलाव हेही सार्वजनिक, तेही सोडा.

कागद अंथरलेलं शेततळंही नको. ५०० मायक्रॉनचा तो कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. उभ्या उताराच्या अशा तळ्यात पडलेलं माणूस, पोहता येत असूनही, बाहेर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. त्या कागदावर वाळू टाकली तर ती घसरून तळाशी जाते आणि कागद फाटतो तो वेगळाच. शिवाय अनुदानातून केलेलं शेततळं सिंचनासाठी मंजूर झालेलं असतं, हेही विसरू नका. जुनी दगडखाण दिसायला सुंदर असते, पण तिचे कडे सरळ उभे असतात आणि पाण्याखाली कुठे किती खोल आहे ते कळत नाही. तीही नको.

उरतं ते काळ्या किंवा पिवळ्या मातीत, मुरमात खोदलेलं, स्वतःचं, बिनकागदाचं तळं. त्यातही ज्या बाजूला मातीचा बांध घालून पाणी अडवलं आहे ती बाजू किनाऱ्यासाठी कधीही कापू नका. बांध कापला की पहिल्या मोठ्या पावसात तळं शेजाऱ्याच्या शेतात गेलेलं असेल. मूळ जमीन जिथे पाण्याला भिडते ती बाजू निवडा.

एक वर्ष नुसतं मोजा

तळ्यात एक लोखंडी पाइप रोवा, दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी वहीत लिहा. ऑक्टोबर ते मे एवढे आकडे पुरेत. कंटाळवाणं काम आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात, पण पुढचा सगळा खर्च या वहीवर उभा राहणार आहे.

अंदाज म्हणून सांगतो: देशावर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उघड्या तळ्यातलं साधारण एक मीटर पाणी केवळ उन्हाने उडून जातं. पाझर आणि तुमची मोटर यांचा हिशेब त्यावर. आता उताराचं गणित लावा. किनाऱ्याचा उतार १:८ ठेवला, म्हणजे आठ मीटर आत गेल्यावर एक मीटर खाली, तर एक मीटर पातळी उतरल्यावर पाण्याची कड आठ मीटर आत सरकते.

‘मग बोअरचं पाणी सोडू’ हा विचार मनात आला असेल तर तोही करून बघा. २,००० चौरस मीटर पृष्ठभागावर एक मीटर पाणी म्हणजे २० लाख लिटर, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर उडालं तरी चौदा हजार लिटर गेले. विहिरीला तेवढं पाणी असेल तर ते आधी आंब्याला द्या.

तेव्हा निर्णय पातळीचा नाही, हंगामाचा घ्यायचा आहे. किनारा कोणत्या महिन्यांत वापरायचा? दिवाळी ते फेब्रुवारी पुरेसं असेल तर वाळू पूर्ण पातळीपासून (तळं काठोकाठ भरल्यावरची पाण्याची रेघ) सव्वा मीटर खोलीपर्यंत न्यावी, मार्चपासून पाण्यात उतरणं बंद ठेवावं. मे महिन्याच्या सुट्टीतही हवा असेल तर वाळूचा पट्टा आणखी खाली न्यावा लागतो. ढोबळ हिशेब असा: जास्तीच्या दर अर्ध्या मीटर उताराला चार मीटर रुंदीचा पट्टा वाढतो आणि १५ मीटर लांबीला सुमारे पाच ब्रास वाळू (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ब्रासला आठ हजार धरले तर अर्धा मीटर पाण्याची किंमत चाळीस हजार रुपये, खोदाई वेगळी. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी हिवाळ्यापुरता किनारा करा. मे महिन्यात गरम, उथळ, हिरवट पाण्यात मुलांना सोडण्यात तसाही अर्थ नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

उतार आणि खोदाई

तळ्याच्या भिंतीचा मूळ उतार बहुधा १:१.५ असतो. तो आतून भर घालून सौम्य करू नका. भर बसते, सरकते आणि तळ्याची साठवण कमी होते. काठ जमिनीकडे कापत मागे न्यायचा. पूर्ण पातळीपासून १.२ मीटर खोलीपर्यंत १:८ उतार, म्हणजे पाण्याखालचा पट्टा सुमारे दहा मीटर. त्याच्या पायथ्याशी दोन मीटरची सपाट पायरी, आणि मग तळ्याचा मूळ खोल भाग. ही पायरी दिसत नाही आणि ठेकेदार ती गाळायला बघतो. ती गाळू देऊ नका: वाळूवरून चालत गेलेला माणूस एका पावलात तीन मीटर खोल पाण्यात जाऊ नये म्हणून ती आहे. पाण्याच्या वरच्या बाजूला सहा मीटरची कोरडी पट्टी ठेवा, पूर्ण पातळीपेक्षा हातभर उंच.

एवढ्या कामात आपल्या उदाहरणातल्या तळ्यावर अंदाजे तीनशे-साडेतीनशे घनमीटर माती निघते. जेसीबीला दोन दिवस. निघालेली माती शेतातच वापरली तर प्रश्न नाही, पण मुरूम बाहेर न्यायचा किंवा बाहेरून आणायचा असेल तर तो गौण खनिजात मोडतो. तलाठ्याला विचारून परवानगी आणि रॉयल्टीचं बघून घ्या.

कापण्याआधी त्या जागी दोन मीटरचा एक खड्डा घेऊन थर पाहा. वर काळी माती आणि खाली सच्छिद्र मुरूम असेल तर काठ कापल्यावर तळ्याला गळती लागू शकते. अशा वेळी उघड्या पडलेल्या मुरमावर चिकण मातीचा फूटभर थर ओला करून धुमसून बसवावा लागतो. काळी मातीच काळी माती असेल तर उलटी अडचण. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात आणि वाळू त्या भेगांत गडप होते. तिथे वरची फूटभर माती काढून मुरूम भरा आणि दाबून घ्या. १५ बाय १६ मीटरच्या पट्ट्याला (दहा मीटर पाण्याखालचे, सहा कोरडे) ७२ घनमीटर, म्हणजे सुमारे २५ ब्रास मुरूम.

मुरूम आणि वाळू यांच्यामध्ये न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) अंथरायचं, २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं, चालतं. वाळू आणि माती एकमेकांत मिसळू न देणं एवढंच त्याचं काम. कडा वरच्या बाजूला फूट-दीड फूट खोल चरात गाडा. पैसे वाचवायला प्लास्टिकचा कागद वापरू नका. खालून पाणी आणि वायू दाबतात, कागद फुगतो, वाळू घसरते. कडक मुरमाची जमीन असेल तर मी जिओटेक्स्टाइलही टाळेन.

पाण्याखाली वाळू जिथे संपते तिथे दगडांची एक ओळ, अर्धा मीटर रुंद, तेवढीच उंच, अशी रचा. वाळू पायरीवर उतरत नाही. दगडांचा वरचा भाग वाळूच्या पातळीला आणा, म्हणजे कुणाच्या पायाला ठेच लागणार नाही.

वाळू

२४० चौरस मीटरवर २० सेंटिमीटर थर म्हणजे ४८ घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, त्यामुळे १७ ब्रास. दबण्यासाठी आणि वाहून जाण्यासाठी थोडी जास्त धरून २० ब्रास.

कोणती वाळू, हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. नदीची वाळू पावतीशिवाय आणि वाहतूक परवान्याशिवाय घेऊ नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, गाडीही जप्त होते, आणि वीस ब्रासचा ढीग तुमच्याच शेतात पडलेला असतो. समुद्रकिनाऱ्यावरून आणण्याचा विचारही नको. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, स्वस्त आणि सहज मिळते, पण तिचा कण टोकदार असतो आणि त्यात दगडाची भुकटी असते. अनवाणी पायांना बोचते, पाणी पांढरट गढूळ करते. खालचे १० सेंटिमीटर धुतलेली क्रश सँड आणि वरचे १० सेंटिमीटर चांगली गोल कणांची वाळू, ही तडजोड मात्र चालते आणि बरेच पैसे वाचवते. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात सिलिका वाळू निघते. ती स्वच्छ आणि दिसायला देखणी असते, पण घाट चढून येईपर्यंत वाहतुकीचा खर्च मालाच्या वर जातो. कोल्हापूरकरांनी भाव काढून पाहावा, विदर्भातल्यांनी नाद सोडावा.

कण अर्धा ते एक मिलिमीटरचा हवा. अगदी बारीक वाळू वाऱ्याने उडते आणि पाण्याबरोबर खाली जाते. ट्रक रिकामा करण्याआधी एक परीक्षा घ्या: काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, जोरात हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. बाटलीच्या पलीकडे धरलेलं बोट वरच्या पाण्यातून दिसलं नाही तर ट्रक परत पाठवा. आपल्याकडे ट्रक परत पाठवायला जीभ रेटत नाही, पण गाळ मिसळलेली वाळू दोन पावसांत बागेतल्या वाफ्यासारखी होते आणि तिच्यात लव्हाळा उगवतो.

वरून येणारं पाणी

किनाऱ्याची वाळू लाटांनी जात नाही, आपल्याकडे लाटा कसल्या? ती जाते जूनच्या वळवाने. शेतातून उतरणारं पाणी वाळूत नाल्या पाडत तळ्यात शिरतं. कोरड्या पट्टीच्या मागे अर्धकमानीत एक चर काढा आणि पाणी दोन्ही बाजूंनी वळवा. हाच चर दुसरं मोठं काम करतो: कांद्या-उसाच्या शेतातली खतं आणि फवारण्या तळ्यात येऊ देत नाही. खत आलं की शेवाळ आलंच. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मोकळा आणि किनाऱ्यापासून दूर हवा.

पाणी पोहण्याजोगं आहे का

डोळ्यांना निर्मळ दिसणं पुरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आंघोळीच्या पाण्याचे निकष वापरा: फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असणं चांगलं, २,५०० च्या वर असेल तर उतरू नये, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ६.५ ते ८.५. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर तपासून घ्या.

गुरं या तळ्यावर पाणी प्यायला येत असतील तर त्यांच्यासाठी वेगळा हौद बांधा. बदकं पाळण्याची हौसही आवरा, बदकांची विष्ठा थेट पाण्यात जाते. शोषखड्डा तळ्याच्या खालच्या अंगाला आणि लांब हवा. कोकणात लेप्टोचा (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका विसरून चालत नाही, अंगावर जखम असेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरूच नये. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वर करणाऱ्या अमिबाचे जे रुग्ण आढळले, तो अमिबा गरम, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकातून शिरतो. असा आजार दुर्मीळ आहे, पण मे महिन्यातल्या कोमट तळ्यात मुलांना डुबक्या मारू न देण्यासाठी एवढं कारण पुरे. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय आली तर त्या दिवसापासून तळं बंद.

सुरक्षितता: इथे घासाघीस नाही

तळ्याला चारही बाजूंनी जाळीचं कुंपण आणि कुलपाचं फाटक. खर्चाचा हा आकडा पाहून लोक दचकतात आणि ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणतात. वाळू पुढच्या वर्षी टाकली तरी चालेल, कुंपण आधी. वाळूचा उतार पाहून वाड्यावरची, शेजारची पोरंही येणार, तुम्ही नसताना येणार. सौम्य काठ केल्याने तळं आमंत्रण देऊ लागतं.

पाण्यात दोन दोर, दोन्हींना तरंगते गोळे. पहिला ६० सेंटिमीटर खोलीवर, लहानांसाठी. १:८ उतारावर तो कडेपासून पाच मीटरला येतो. दुसरा १.२ मीटरवर, वाळू जिथे संपते तिथे. दोन्ही दोर खुंट्यांना कायमचे बांधा. पाणी उतरलं की दुसऱ्या दोरापर्यंत गुडघाभरच पाणी राहतं आणि कुणीतरी उत्साही मामा दोर पुढे सरकवायला निघतो. पुढे पायरी आणि तिच्यापुढे खोल कडा आहे. दोर हलवायचा नाही, हंगाम संपला म्हणायचं.

काठावर दोरी बांधलेली चार तरंगती कडी, लांब बांबू, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट. पाण्यावर लक्ष ठेवायला एक माणूस, ज्याच्या हातात त्या वेळी मोबाइल आणि ग्लास दोन्ही नसेल. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल फूटभर खालीही दिसत नाही. आणि बुडालेल्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची गावाकडची पद्धत घरातल्या सगळ्यांच्या डोक्यातून काढा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. घरातल्या दोघांनी तरी याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं.

खर्चाचा तक्ता

खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या तालुक्यातले दर घालून गुणाकार पुन्हा करा. परिमाणं तीच राहतील.

जेसीबी १६ तास, १,३०० प्रमाणे: २०,८००
ट्रॅक्टर-ट्रॉलीने माती हलवणं: १२,०००
मुरूम २५ ब्रास, १,८०० प्रमाणे: ४५,०००
दाबणी: ६,०००
जिओटेक्स्टाइल २८० चौरस मीटर, ६० प्रमाणे: १६,८००
वाळू २० ब्रास, ८,००० प्रमाणे: १,६०,०००
पायथ्याचे दगड आणि मजुरी: १५,०००
चर आणि सांडव्याची दुरुस्ती: १०,०००
कुंपण २०० मीटर, ५५० प्रमाणे: १,१०,०००
दोर, कडी, जॅकेट: ३५,०००
स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, नळ: १,२०,०००
मांडव आणि बाक: ३०,०००
पाण्याची तपासणी: ५,०००

बेरीज ५,८५,६००. त्यावर पंधरा टक्के अनपेक्षित खर्च, ८७,८४०. एकूण ६,७३,४४०.

वाळू यात चौथा हिस्साही नाही. कुंपण आणि सुरक्षेचं सामान मिळून जवळपास वाळूइतकंच होतं. शेतातच चांगला मुरूम निघाला तर पंचेचाळीस हजार वाचतात, म्हणून तो दोन मीटरचा खड्डा आधी घ्यायला सांगितला. खर्च आवळायचाच असेल तर लांबी १५ ऐवजी ८ मीटर करा. थर २० वरून १० सेंटिमीटर करू नका. एका पावसाळ्यात खालचं कापड वर डोकावतं आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

पैसे घेऊन पाहुणे ठेवणार असाल तर हिशेब आणखी बदलतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, त्यासाठी किमान एक एकर शेती लागते. ग्रामपंचायतीला लेखी कळवा. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा घ्या आणि त्यात ‘पाण्यातले खेळ’ वगळलेले नाहीत ना, ते बारीक अक्षरांत वाचा. पगारी जीवरक्षकही मग ऐच्छिक राहत नाही.

कामाचा क्रम

पातळीची वही ऑक्टोबर ते मे. कुंपण हिवाळ्यात. काठ कापणं, मुरूम, दाबणी, दगड आणि चर हे सगळं पाणी खाली गेलेलं असताना, एप्रिल-मेमध्ये. आणि मग थांबायचं. जूनपूर्वी वाळू टाकायचा मोह होतो, ट्रकवालाही ‘नंतर भाव वाढेल’ म्हणून घाबरवतो. मुरमाच्या उघड्या उतारावरून एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून येतं, चर कुठे फुटतो, उतार कुठे बसतो, हे तेव्हाच कळतं. मुरमात पडलेली नाली दोनशे रुपयांत बुजते, वाळूत पडलेली दोन ब्रास घेऊन जाते.

पाण्याखालचा भाग ऑक्टोबरात भरलेला असेल, मग तिथे कापड आणि वाळू कशी टाकायची? थांबण्याला तेवढ्या भागापुरता अपवाद करा: तिथे कापड मे महिन्यातच अंथरून त्यावर खालच्या थराची धुतलेली क्रश सँड टाकून ठेवा. ती जड असते आणि पाण्याखाली गेल्यावर हलत नाही. वरचा थर पाऊस ओसरल्यावर काठावरून फावड्याने पसरत आत न्यायचा, कमरेपर्यंतच्या पाण्यात दोन गडी एका दिवसात करतात.

त्यानंतर दर वर्षी दोन ब्रास वाळूची भर, सोळा हजार. दोर तीन वर्षांनी बदलायचे, उन्हाने सडतात. खाली सरकलेली वाळू मे महिन्यात पाणी उतरल्यावर दाताळ्याने वर ओढून घ्यायची, आणि त्याच वेळी पायरीवर साचलेला गाळ काढायचा. तो शेतात पसरा, उत्तम खत आहे.